देवळाली शटल आणि ६१७४

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सी प्रोग्रॅमिंगच्या जर्नलमध्ये एक प्रॅक्टिकल होतं, आर्मस्ट्राँग नंबर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे केलं असणार. जळगावातलं कॉलेज, टर्बो सीची ती निळी स्क्रीन आणि मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवलेला कोड. संख्येला दहानं भागा, बाकी घ्या, म्हणजे शेवटचा अंक मिळतो. त्याचा घन करा, बेरजेत टाका, पुढच्या अंकावर जा. १५३ घेतला तर १ + १२५ + २७ = १५३. आउटपुट आलं, सही मिळाली.

पुढच्या पानावर हर्षद नंबर होता. आपल्या अंकांच्या बेरजेनं ज्या संख्येला पूर्ण भाग जातो ती संख्या हर्षद. उदाहरणार्थ १८, कारण १ + ८ = ९ आणि १८ ला ९ नं भाग जातो. व्हायवाला मी विचारलं, "हर्षद म्हणजे कोण?" आमच्या वर्गात दोन हर्षद होते, त्यामुळे सगळे हसले. उत्तर मिळालं की ते महत्त्वाचं नाही, लूप समजून घ्या.

मी लूप समजून घेतला. त्याच्यावरच आज माझं पोट चालतं. पण तो प्रश्न राहून गेला आणि त्याचं उत्तर मिळायला सहा-सात वर्षं गेली. पुण्यात नोकरी बदलायच्या खटपटीत एका ऑनलाइन टेस्टला प्रश्न आला, 'निवेन नंबर ओळखणारं फंक्शन लिहा.' व्याख्या वाचली तर हा आपला हर्षदच. मग निवेन कोण आणि हर्षद कोण, हे शोधायला बसले.

हर्षद नावाचा माणूस नव्हताच. तो संस्कृत शब्द आहे, हर्ष देणारा तो हर्षद. आणि हे नाव ठेवणारा माणूस देवळालीचा होता.

देवळाली म्हटल्यावर आमच्या भागातल्या माणसाला आधी काय आठवतं? शटल. भुसावळ-देवळाली शटल. भुसावळहून निघायची, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, नांदगाव, मनमाड, नाशिकरोड करत देवळालीला पोचायची. लहानपणी धुळ्याला मामाकडे जाताना आम्ही एरवी एसटीनं पारोळ्यावरून जायचो. पण रेल्वेची हौस म्हणून एकदा आईनं शटलनं नेलं होतं. चाळीसगावला उतरायचं आणि धुळ्याची पॅसेंजर पकडायची. डब्यावरच्या पाटीवर 'देवळाली' वाचून मी विचारलं होतं, तिथे काय आहे? आई म्हणाली, मिलिटरी.

ते खरंच आहे. देवळाली म्हणजे इंग्रजांची छावणी. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे सैनिक तिथे महिनोन्‌महिने पडून असायचे आणि कंटाळून त्यांची डोकी फिरायची, म्हणून इंग्रजीत वेड्याला 'डुलॅली' म्हणायची पद्धत पडली. तो शब्द देवळालीवरूनच आलाय. त्याच गावात १९३० साली एक पंचवीस वर्षांचा तरुण शाळामास्तर म्हणून रुजू झाला आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्याचंही वेड थोडंथोडकं नव्हतं. दारुड्याला जशी दारूची तल्लफ तशी मला आकड्यांची, असं काहीसं ते स्वतःच सांगायचे.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद, त्यामुळे घरात कायम आकडेमोड. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याला फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, १९२९ ला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पुढे एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही. एक नोकरी, एक गाव आणि दहा अंक.

त्यांच्या सगळ्यात प्रसिद्ध शोधासाठी आत्ता मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमानं लावून लहान करा आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. कापरेकरांचंच जन्मवर्ष घेऊ.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

यापुढे गाडी हलत नाही, कारण ६१७४ चे अंक पुन्हा लावले तरी ७६४१ − १४६७ म्हणजे ६१७४ च. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोचता. १९०५ ला बरोब्बर सात लागतात, म्हणजे बाईंनी स्वतःच्या जन्मापासून सुरुवात करावी तसा हा मास्तर सर्वांत लांबच्या स्टेशनावर जन्मला होता. (हा योगायोग आहे. पण सापडला तेव्हा मी रात्री एक वाजता रूममेटला उठवून दाखवला.)

हे असं का होतं? माझा पहिला विचार प्रोग्रॅमरचा. सगळे सारखे अंक असलेल्या दहा संख्या सोडल्या, पुढे शून्य लावलेल्या धरल्या, तर ९९९० संख्या उरतात. लूप लावा, सगळ्या तपासा. सेकंदही लागत नाही. पण मास्तरकडे लूप नव्हता. त्याच्याकडे कागद होता आणि कागदावर बसलं की डोकं चालवावं लागतं. उतरत्या क्रमानं अंक अ, ब, क, ड असतील तर वजाबाकी येते ९९९ गुणिले (अ − ड) अधिक ९० गुणिले (ब − क). म्हणजे चार अंक काय आहेत याला महत्त्वच नाही, बाहेरच्या दोघांतला फरक आणि आतल्या दोघांतला फरक एवढंच लागतं. बाहेरचा फरक १ ते ९, आतला फरक ० पासून बाहेरच्या फरकापर्यंत. अशा जोड्या मोजल्या तर २ + ३ + … + १० = ५४. पहिल्याच वजाबाकीत ९९९० संख्यांच्या ५४ होतात. मग त्या ५४ हातानं तपासणं एका दुपारचं काम आहे. मी केलं. साडेतीन तास लागले, दोनदा चुकले.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी हे मांडलं. १९५५ साली 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकन नियतकालिकात ६१७४ वर त्यांचा लेख आला. इकडे मात्र मोठ्या गणितज्ञांनी फारसं मनावर घेतलं नाही. बरंचसं काम लहानसहान अंकांत छापून आलं किंवा त्यांनी स्वतः पुस्तिका काढल्या.

इथे मला त्या गणितज्ञांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. रामानुजनला जगापुढे आणणारे हार्डी यांनी १९४० साली 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. त्यात 'गंभीर नसलेल्या' गणिताची दोन उदाहरणं दिली आहेत. एक, ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या आपल्याच उलट्या संख्येच्या पटीत येतात (२१७८ ची चौपट आणि १०८९ ची नऊपट). दुसरं, १५३, ३७०, ३७१ आणि ४०७ या संख्या आपल्या अंकांच्या घनांच्या बेरजेइतक्या असतात. हार्डींच्या मते हे कोड्यांच्या सदरात शोभतं, गणितज्ञाला त्यात काही नाही, कारण त्यातून पुढे काही निघत नाही.

दुसरं उदाहरण ओळखलंत ना? आमचं आर्मस्ट्राँगचं प्रॅक्टिकल. हार्डींनी बिनकामाचं म्हणून बाजूला ठेवलेलं गणित आपल्याकडे लाखो पोरांना इंजिनिअर होण्याच्या दारात पाठ करायला लावतात, याची मला मजा वाटते.

हार्डींचा मुद्दा असा की, दहाच्या पटीत मोजणं हा आपल्या बोटांचा अपघात आहे. आठ बोटं असती तर ६१७४ चं हे वागणं राहिलं नसतं. दहाच्या पद्धतीतही ते सगळीकडे चालत नाही. दोन अंकांवर हीच क्रिया केली तर गाडी ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९ अशी गोल फिरत राहते. पाच अंकांना एकही शेवटचं स्टेशन नाही. सहा अंकांना दोन आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, वर एक चक्रही. फक्त तीन आणि चार अंकांना हे भाग्य. तीन अंकांचं स्टेशन ४९५. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तरीही हार्डींचा ९८०१ पाहा. तो ९९ चा वर्ग आहे. मधोमध तोडला तर ९८ + ०१ = ९९. वर्ग करून तुकडे जोडले की मूळ संख्या परत देणाऱ्या अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५, हे गेल्या वर्षीच्या जानेवारीत तुम्हालाही कुणी ना कुणी फॉरवर्ड केलं असेल. हार्डी आणि रामानुजनच्या टॅक्सीचा तो १७२९? १ + ७ + २ + ९ = १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. हर्षद आहे, वर १९ उलटा केला की ९१. (१९ हा एमएच-१९ वाल्यांचा आकडा, म्हणून जरा जास्तच आवडतो. आमचा पिनकोड ४२५००१ मात्र हर्षद नाही. अंकांची बेरीज १२ आणि संख्या विषम, तिथेच बोंब.)

कापरेकरांचं मला सगळ्यात आवडणारं काम मात्र ६१७४ नाही. ते आहे स्वयंभू संख्यांचं. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. २३ मध्ये २ + ३ मिळवले की २८, त्यात १० मिळवले की ३८, मग ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१. प्रत्येक संख्या मागचीतून जन्मते. मग प्रश्न पडतो, जिला अशी मागची संख्याच नाही अशी कुणी आहे का? आहे. २० कुणापासूनच होत नाही. १४ पासून १९ होतात, १५ पासून एकदम २१. शंभरापर्यंत अशा तेरा आहेत, १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. यांना त्यांनी स्वयंभू म्हटलं, देवळाली संख्याही म्हटलं. आणि काही संख्यांना दोन वाटांनी येता येतं. १०१ ला ९१ कडूनही येता येतं आणि १०० कडूनही. अशा संख्यांना त्यांनी जंक्शन संख्या असं नाव दिलं.

जंक्शन! देवळालीत राहणाऱ्या, रेल्वेनं हिंडणाऱ्या माणसालाच हे सुचणार. १२१, १२३२१ अशा संख्यांच्या एका कुळाला तर त्यांनी थेट एका स्टेशनाचं नाव दिलं, डेम्लो, म्हणजे आत्ताचं डोंबिवली, कारण ती कल्पना तिथे सुचली होती. वाचताना मला चाळीसगावचा फलाट आठवला. एका बाजूनं जळगावची शटल आलीय, दुसऱ्या बाजूला धुळ्याची पॅसेंजर उभी आहे आणि आई एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मला धरून पळतेय.

चाळीसगावच्या त्या जंक्शनवरून अठरा-वीस किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवी आहे. श्रावणात आम्ही सगळे तिथे जायचो. धबधबा, माकडं, देवीचं दर्शन आणि परत. तिथला एक शिलालेख आम्हाला कुणी दाखवला नाही. तो आहे १२०७ सालचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजींनी हा लेख उजेडात आणला. लेख बहुतेक संस्कृतात आहे, पण शेवटच्या काही ओळी जुन्या मराठीत. त्यात पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर आता मठाला दिला, अशा नोंदी आहेत. मराठी लिहिलेली सापडते अशा सुरुवातीच्या लेखांपैकी हा एक, आणि त्यात बाजाराच्या कराचे पैसे गणिताच्या वर्गाला दिलेत.

आणि त्या वर्गात काय शिकवत असतील? 'लीलावती' नक्कीच. भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुऱ्या केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'चा तो भाग. त्याचं शेवटचं प्रकरण आहे अंकपाश, म्हणजे अंकांचं जाळं. आत काय, तर अंकांचेच खेळ. ३, ९, ८ हे अंक उलटसुलट लावून किती संख्या होतात आणि त्या सगळ्यांची बेरीज किती? सहा संख्या, बेरीज ४४४०. वर भास्कराचार्य चिमटाही काढतात, की इथे ना गुणाकार विचारलाय ना भागाकार, ना वर्ग ना घन, तरी गर्विष्ठ गणकाची पोरं या जाळ्यात पडणारच.

अंकपाशातला शेवटचा प्रश्न असा. पाच अंकी अशा किती संख्या आहेत की ज्यांच्या अंकांची बेरीज १३ होते? (शून्य धरायचं नाही.) तेरा मणी ओळीत मांडा, मध्ये बारा फटी. त्यांतल्या चार निवडून तिथे दोरा तोडला की पाच तुकडे होतात, तेच पाच अंक. बारा फटींतून चार निवडायच्या वाटा म्हणजे १२ × ११ × १० × ९ भागिले २४.

उत्तर ४९५.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा वही बाजूला ठेवून थोडा वेळ बसून राहिले. तीन अंकांचं कापरेकरांचं शेवटचं स्टेशन हेच. भास्कराचार्यांच्याच ३, ९, ८ वर क्रिया करा, ९८३ − ३८९ = ५९४, मग ९५४ − ४५९ = ४९५. यामागे काही गूढ नाही. दोन वेगळ्या वाटा एका आकड्यावर भेटतात, बस. पण आठशे वर्षांच्या अंतरानं दोन माणसं एकाच रेल्वेलाइनच्या आसपास अंकांशी खेळत बसली होती, हे काही मी रचलेलं नाही. त्यांतल्या एकाचा खेळ शिकवायला राजानं बाजाराचा कर दिला. दुसऱ्याला निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या.

कापरेकरांचं नाव झालं ते मार्च १९७५ ला. अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. बायको १९६६ लाच गेली होती. १९८६ साली देवळालीतच त्यांचं निधन झालं.

राहिला निवेनचा प्रश्न. इव्हान निवेन हे मोठे गणितज्ञ. १९७७ साली एका परिषदेत त्यांनी या संख्यांचा उल्लेख केला आणि तिकडे त्यांचंच नाव चिकटलं. स्वयंभू संख्यांचंही तसंच. कापरेकरांची त्यांच्यावरची पुस्तिका १९६३ ची. १९७४ साली बर्नार्डो रेकामान या कोलंबियाच्या गणितज्ञानं स्वतंत्रपणे तोच प्रश्न एका अमेरिकन नियतकालिकात विचारला, म्हणून त्या झाल्या 'कोलंबियन नंबर'. दोघांनीही चोरी केलेली नाही. देवळालीत छापलेली पुस्तिका तिकडे कोण वाचणार होतं? नील स्लोन यांनी १९६४ पासून कार्डांवर जमवायला घेतलेल्या संख्याक्रमांचा कोश आज ऑनलाइन आहे. तिथे ए००५३४९ वर निवेन आणि हर्षद शेजारी शेजारी बसलेत, ए००३०५२ वर स्वयंभू आणि कोलंबियन. ए००६८८६ वर मात्र एकटे कापरेकर. मला राग येतो तो तिकडच्यांचा नाही. जळगावहून बसलं की न बदलता जिथे जाता यायचं तिथल्या माणसाचा शब्द आमच्या जर्नलमध्ये छापलेला होता आणि तो कुणाचा हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं, मला धरून.

गेल्या दिवाळीत धुळ्याला मामाच्या दुकानात हे सगळं मी त्याला सांगितलं. हार्डवेअरचं दुकान आहे. मामानं शांतपणे ऐकून घेतलं आणि हार्डींचाच प्रश्न अहिराणीत विचारला, "हाई काय कामनं शे?"

मी म्हटलं, कामाचं नाही. तुझा कॅल्क्युलेटर दे.

समोर एका बिलाचा आकडा होता, १९८०. ९८१० − ०१८९ = ९६२१. मग ८३५२. मग ६१७४. मामा म्हणाला, तुला आधीच माहीत होतं. त्यानं स्वतःच ५००० घेतले. सहा वजाबाक्या झाल्या आणि ६१७४. मग ११२१ घेतले, तर २१११ − १११२ = ९९९ आलं आणि तो विजयानं हसला, तीनच आकडे उरले, संपला तुझा खेळ. मी सांगितलं, पुढे शून्य लाव, ते टाकायचं नाही. ९९९० − ०९९९. चार पायऱ्यांनी परत ६१७४.

गिऱ्हाईक अर्धा इंची नळाची तोटी मागत उभं होतं. मामानं पोराला आतून आणायला पिटाळलं आणि बिलबुकाचं पान उलटं केलं.

"पाच आकडास्नं काय व्हस मंग?"

मी म्हटलं, पाचांचं जमत नाही, गाडी गोल फिरत राहते.

"देखू," म्हणाला, आणि पेनचं टोपण काढलं.